होळीनंतर उघडणारा सांधा : छोट्या पॅनेलवरील व्हिनिअरची तक्रार आणि तिचे निवारण

देव्हाऱ्याचे दार, दागिन्यांच्या पेटीचे झाकण किंवा टेबलाच्या खणाचा दर्शनी भाग यांसाठी व्हिनिअरची, म्हणजे लाकडाच्या अतिशय पातळ कापांची, दोन पाने शेजारी शेजारी जोडून तीस-चाळीस सेंटिमीटरचे पॅनेल करणाऱ्या बहुतेकांना एक तक्रार कधी ना कधी भेडसावते. पॅनेल शिकंज्यातून निघते तेव्हा सांधा शोधूनही सापडत नाही, पॉलिशचे हात बसल्यावर तर बघणारा ते एकच अखंड लाकूड समजतो, आणि मग पाच-सात महिन्यांनी नेमकी त्याच जागी केसाएवढी काळी रेघ उमटते व आठवड्यागणिक रुंदावत जाते. पुण्यासारख्या ठिकाणी ही रेघ बहुधा होळीच्या आसपास दिसू लागते. अशा वेळी गोंदाचा डबा बदलण्याआधी पॅनेल कोणत्या महिन्यात चिकटवले होते ते आठवावे, असे तेच काम तीनदा केल्यानंतर माझे मत झाले आहे.

एका नातेवाइकांच्या देव्हाऱ्याची दोन दारे मी पहिल्यांदा केली ती जुलैच्या अखेरीस, कारण गणपतीच्या आधी देव्हारा घरी पोचायला हवा होता. सागवानाची बुकमॅच (एक पान पुस्तकासारखे उलटून आरशासारखी जुळवलेली) पाने, खाली १२ मिलिमीटरचे प्लायवूड आणि नेहमीचा पांढरा गोंद, असा साधा मामला होता. मार्चमध्ये दोन्ही दारांवर रेघ आली. गोंद हलका असावा असे समजून पुढच्या वर्षी मी पाण्याला टिकणारा महाग गोंद आणला आणि पुन्हा गणपतीच्याच घाईत दारे नव्याने केली. त्यानंतरच्या मार्चमध्ये रेघ पुन्हा हजर झाली, फक्त एका दारावर ती किंचित अरुंद होती. आमच्या आळीतील एका वयस्कर मिस्त्रींना ते दार नेऊन दाखवले तेव्हा त्यांनी गोंदाची चौकशीसुद्धा केली नाही. दार उलटे करून त्याची पाठ पाहिली आणि विचारले, "हे श्रावणात चिकटवलेत ना?"

पुढील विवेचन सुट्या व्हिनिअरच्या पानांविषयी आहे, म्हणजे अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची जी पाने गठ्ठ्याने मिळतात त्यांच्याविषयी. बाजारात व्हिनिअर या नावाने सर्रास विकली जाणारी आठ बाय चार फुटांची, पातळ प्लायवर आधीच चिकटवलेली तयार शीट ही वेगळी वस्तू आहे. तिच्यावरचे सांधे कारखान्यातच घातलेले असतात आणि तिच्या तक्रारीही वेगळ्या असतात.

रेघ कोणत्या जातीची आहे?

सांध्यावर दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे उघडलेला सांधा नव्हे, आणि दुरुस्तीतील बरीचशी मेहनत वाया जाते ती हे न तपासता पॉलिश पेपर हातात घेतल्यामुळे. तपासणीला मोबाइलची बॅटरी, बोटाचे नख आणि वर्तमानपत्राच्या कागदाचा एक तुकडा एवढे साहित्य पुरते. खोलीतील दिवा मालवावा, बॅटरी पॅनेलच्या पातळीला जवळजवळ टेकवून प्रकाश सांध्यावर आडवा सोडावा आणि मग नख सांध्याच्या आरपार दोन्ही दिशांनी हलकेच ओढावे.

नख कोठेही वर अडखळत नसेल, दोन्ही कडा प्लायला घट्ट बसलेल्या असतील, कागदाची कड फटीत शिरत असेल आणि तळाशी प्लाय किंवा वाळलेला गोंद दिसत असेल, तर पाने आकसली आहेत. होळीनंतरची रेघ ती हीच. याउलट नखाला कड वर उचललेली लागत असेल आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराने ठोकल्यावर आवाज पोकळ, टरबुजावर टिचकी मारल्यासारखा येत असेल, तर त्या जागी पान मुळात चिकटलेलेच नाही. तेथे गोंद कमी पडला, दाब पोचला नाही किंवा लाकडातील तेलकटपणाने गोंदाला धरू दिले नाही. या दोन दोषांचे उपाय परस्परांना मुळीच चालत नाहीत, म्हणून हा भेद आधी करावा.

तिसरी जात पावसाळ्यात दिसते. सांध्यावर फट नसते, उलट बारीक वरंबा उभा राहिलेला असतो. एप्रिल-मेमध्ये हाडासारखी कोरडी झालेली पाने घट्ट भिडवून चिकटवली की जून-जुलैमध्ये ती फुगतात, एकमेकांना रेटतात आणि जेथे पकड कमी आहे तेथे वर उचलली जातात. हा वरंबा घासून सपाट करण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास पावसाळ्यात पॅनेल सुंदर दिसते आणि उन्हाळ्यात त्याच जागी पातळ झालेल्या कडांची रुंद, ओबडधोबड फट मिळते.

चौथा प्रकार फसवा आहे. फट नाही, कड उचललेली नाही, कागद शिरत नाही, पण चकचकीत पॉलिशवर खिडकीचे प्रतिबिंब पाहिले तर सांध्यापाशी ते मोडल्यासारखे दिसते, कारण तेथे उथळ पन्हळ पडलेली असते. गोंदातील पाण्याने सांध्यालगतचे लाकूड फुगलेले असतानाच घाईने घासणी केली की हे होते: फुगलेला भाग बाकीच्या पातळीला येईपर्यंत घासला जातो आणि नंतर वाळून खाली बसतो. याला चिकटवण्यातील दोष म्हणता येत नाही. शिकंज्यातून काढल्यावर पॅनेल आठवडाभर तरी तसेच ठेवले असते तर तो आलाच नसता.

पाचव्या प्रकाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो बुकमॅचमध्येच आढळतो आणि त्याचे कारण डोळ्यांना दिसत नाही. सांधा शाबूत असतो, मात्र त्याच्या फक्त एका बाजूच्या पानावर लाकडाच्या रेषांना समांतर असंख्य बारीक भेगा दिसतात, दुसरे पान स्वच्छ असते. व्हिनिअर ओंडक्यातून सुरीने कापले जाते तेव्हा पान सुरीच्या पात्यावरून वाकत बाहेर येते आणि पात्याकडच्या पृष्ठभागावर सूक्ष्म चिरा पडतात. ती पानाची सैल बाजू, आणि दुसरी घट्ट बाजू. बुकमॅच करताना आपण एक पान पुस्तकासारखे उलटतो, त्यामुळे एका पानाची घट्ट बाजू वर येते आणि दुसऱ्याची सैल. सैल बाजू ओळखण्यासाठी पान रेषांना समांतर घडी पडेल अशा तऱ्हेने हलकेच वाकवावे. सैल बाजू बाहेरून गोलाकार होते तेव्हा पान सहज वाकते, उलट दिशेने किंचित कुरकुरते. बुकमॅचमध्ये एक सैल बाजू वर येणे टाळता येत नाही, पण त्या पानाला ओलावा कमी पाजणे आणि ते कमी घासणे आपल्या हातात असते. ज्यांना नक्षीची आरशासारखी जुळणी नको असेल त्यांनी पान न उलटता बाजूला सरकवून जोडावे, म्हणजे दोन्ही घट्ट बाजू वर राहतात.

रेघ सांध्यावर नसून त्याला समांतर पण दोन-तीन सेंटिमीटर बाजूला असेल तर दोष व्हिनिअरचा नाही. खालच्या प्लायच्या आतल्या थरात राहिलेली फट वर उमटली आहे, आणि त्यावर प्लाय बदलण्यावाचून इलाज नाही.

ओलाव्याचा हिशेब

आता होळीच्या रेघेकडे वळू. लाकूड हवेतील ओलाव्याशी सतत जुळवून घेत असते. हवेची आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावते, आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर सुमारे ६ टक्क्यांवर. पुण्यात पावसाळ्यात पहिली स्थिती असते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी दुसरी किंवा तिच्याही खालची. कोकणात आणि गोव्यात समुद्रामुळे उन्हाळाही दमट राहतो, म्हणून तेथील कारागिरांना हीच तक्रार पुष्कळ कमी येते. मात्र तेथे केलेले पॅनेल नागपूरला किंवा एसी लावलेल्या घरात गेले की हिशेब चुकता होतो.

सागवान हे कमी हलणारे लाकूड म्हणून नावाजलेले आहे, आणि ते खरेही आहे. तरीही ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत ते वाढवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. हे आकसणे ओलावा २८ टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर सुरू होते, म्हणजे वाढवलयांच्या दिशेने ओलाव्याच्या दर टक्क्यामागे साधारण ०.२ टक्का. ओलावा १६ वरून ६ वर आला, म्हणजे दहा टक्क्यांनी घटला, तर १५ सेंटिमीटर रुंदीचे मोकळे पान तब्बल ३ मिलिमीटरने अरुंद होईल. हेच पान त्रिज्येच्या दिशेने कापलेले, सरळ रेषांचे असेल तर हा आकडा सव्वा ते दीड मिलिमीटर राहतो. देव्हाऱ्यासाठी सर्वांना आवडणारी डोंगरांच्या रांगेसारखी नक्षी मात्र क्राउन कट, म्हणजे वाढवलयांच्या दिशेने कापलेल्या, पानात येते, आणि तेच अधिक हलणारे पान.

पान प्लायला चिकटलेले असल्यामुळे प्रत्यक्षात ३ मिलिमीटरची फट पडत नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते जवळजवळ हलत नाही आणि पानाला आकसू देत नाही. पानात ताण साठत राहतो आणि अखेरीस जेथे लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतलेले नाहीत अशा एकमेव जागी, म्हणजे सांध्यावर, तो मोकळा होतो. पांढऱ्या गोंदाचा स्वभाव येथे आगीत तेल ओततो. तो वाळून घट्ट होतो, पण काचेसारखा कडक कधीच होत नाही, आणि त्याच्यावर सतत ताण राहिला तर तो महिनोन्महिने तसूतसूने सरकत राहतो. म्हणूनच रेघ एका रात्रीत न पडता हळूहळू रुंदावते.

हवेपेक्षाही जवळचा पाण्याचा साठा आपण स्वतः पानाखाली ओततो, याकडे माझे बरेच दिवस लक्षच गेले नव्हते. पांढऱ्या गोंदात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या पॅनेलला बेताने लावला तरी १५ ग्रॅम गोंद लागतो, म्हणजे ७ ग्रॅमच्या आसपास पाणी. त्यावर बसणाऱ्या ०.६ मिलिमीटरच्या सागवानी पानांचे एकूण वजन भरते जेमतेम ३५ ग्रॅम. निम्मे पाणी प्लायने शोषले असे धरले तरी उरलेले साडेतीन ग्रॅम पाणी पानांच्या वजनाच्या दहा टक्के होते. म्हणजे कोरडे पान घेतले तरी गोंद लावल्यावर काही मिनिटांतच ते श्रावणातले पान होते, त्याच फुगलेल्या स्थितीत गोंद त्याला पकडतो आणि मग ते आयुष्यभर मूळ मापाला येण्याची धडपड करत राहते. "कमी पडू नये म्हणून जरा सढळ हाताने" लावलेला गोंद सांधा बळकट करत नाही, तो सांध्यावरचा ताण वाढवतो.

यावरून निघणारे उपाय साधे आहेत. गोंद फक्त प्लायवर लावावा, पानावर कधीही लावू नये. ब्रशऐवजी बारीक दात्यांचा स्प्रेडर किंवा लहान रबरी रोलर वापरावा आणि प्लायचा रंग पातळ दुधी पडद्याआडून दिसत राहील एवढाच थर ठेवावा. सगळी तयारी आधी मांडून ठेवून पान टेकवल्यापासून दोन-तीन मिनिटांत पूर्ण दाब द्यावा, जेणेकरून पानाला फुगायला वेळच मिळणार नाही. दारांच्या तिसऱ्या खेपेआधी मी एकाच पानातून कापलेले तीन नमुने करून पाहिले होते. भरपूर गोंद लावून दहा मिनिटांनी दाबलेल्या नमुन्याचा सांधा वाळताना पहिल्याच आठवड्यात दिसू लागला. पातळ थर देऊन लगेच दाबलेले दोन्ही नमुने अजून बंद आहेत. तीन तुकड्यांवरून नियम सांगता येत नाही हे मान्य, पण हात मात्र त्या दिवसापासून आखडला.

पाने आणि प्लाय दोन्ही काम करण्याआधी कोरडी करून घ्यावी लागतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पानावर ओलावामापकाच्या सुया टोचून काहीच कळत नाही. त्यापेक्षा वजनाचा काटा बरा. १५ बाय ३० सेंटिमीटरच्या दहा पानांचा गठ्ठा सुमारे १७५ ग्रॅम भरतो आणि ओलाव्याचा एक टक्का म्हणजे जवळपास दीड ग्रॅम, जो स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावरही कळतो. पाने दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून एसी चालू असलेल्या खोलीत किंवा सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवावीत आणि रोज एकदा वजन करावे. वजन उतरायचे थांबले की पाने त्या हवेला सरावली असे समजावे. फार कोरडी करण्याचीही गरज नाही. ६ आणि १६ च्या दरम्यान, ९-१० टक्क्यांच्या आसपास राहतील असे पाहिले की उन्हाळा व पावसाळा दोन्हींचा ताण विभागला जातो. ज्यांना घाई नाही त्यांनी व्हिनिअरचे काम दिवाळीनंतर काढावे, कारण तेव्हा ही मधली हवा फुकट मिळते. गणपतीचे गिऱ्हाईक मात्र थांबत नाही, हेही खरे.

सांध्याची कड

हवामान सांभाळूनही सांधा उघडत असेल तर कडांकडे पाहावे. बहुतेक जण कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन एकेक पान कापतात. कटरचे पाते पाचरीसारखे असते. ते तंतू कापते तसेच बाजूला दाबतेही, शिवाय जोर लावल्यावर रेषांच्या मागे भरकटते. दाबलेली कड गोंदाचे पाणी लागताच फुगून बरोबर भिडल्यासारखी दिसते आणि वाळल्यावर मागे सरते. कटरने कापायचेच असेल तर पहिला हात फक्त ओरखडा पडेल इतका हलका द्यावा, पुढचे तीन-चार हात त्याच खाचेतून न्यावेत, आणि अंतिम कड रंध्यानेच साधावी.

रंधा मारण्याची पद्धत अशी. दोन्ही पाने बुकमॅचसाठी उघडण्याआधी जशी असतात तशीच, म्हणजे मिटलेल्या पुस्तकासारखी, दर्शनी बाजू आत करून एकमेकांवर ठेवावीत आणि दोन सरळ, जाड पट्ट्यांच्या मध्ये धरून शिकंज्यात आवळावीत. पानांची कड पट्ट्यांच्या बाहेर मिलिमीटरभरच राहू द्यावी. जास्त राहिली तर ती रंध्याखाली लवते व फाटते. धार लावलेल्या लांब रंध्याने, पाते अगदी कमी बाहेर काढून, पट्ट्यांना रंधा टेकेपर्यंत कड उतरवावी. दोन्ही पाने एकत्रच उतरवल्यामुळे रंधा किंचित कललेला असला तरी एका पानाची कड जितकी आत कलते तितकीच दुसऱ्याची बाहेर कलते, आणि पाने उघडून भिडवली की दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. ज्यांच्याकडे लांब रंधा नाही त्यांनी सरळ ॲल्युमिनियमच्या नळीला १८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तेच काम करावे; वेळ लागतो, पण कड खरी येते. पाने भिडवून खिडकीच्या काचेवर धरावीत. मधून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा शिकंज्यात घ्यावीत, टेपने ओढून बसतील अशी आशा करू नये.

टेप कागदी असावी, पाणी लावल्यावर चिकटणारी. ती वाळताना स्वतः आकसते आणि सांधा आवळते, जे प्लॅस्टिकच्या टेपला जमत नाही. दर्शनी बाजूने दर आठ-दहा सेंटिमीटरवर आडव्या छोट्या पट्ट्या ओढून लावाव्यात आणि मग सांध्यावर एक लांब उभी पट्टी. पाणी पट्टीला फक्त ओलसर स्पंजने लावावे, पट्टी पाण्यात बुडवू नये.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ओलाव्यानंतर सर्वाधिक सांधे माझ्या मते तिच्यामुळेच उघडतात. जोडपान उलटे करून टेपच्या बिजागरीवर सांधा उघडावा, एका कडेला पांढऱ्या गोंदाची सुतासारखी रेघ द्यावी, पान सपाट करावे, वर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने टिपावा आणि बटर पेपरमध्ये ठेवून वजनाखाली रात्रभर वाळू द्यावे. कडेला कड चिकटलेली नसेल तर सांधा केवळ खालच्या प्लायच्या भरवशावर राहतो आणि वर सांगितलेला ताण आला की पहिल्या धक्क्याला सुटतो. मिस्त्रींनी माझे दार उलटे करून पाठीचा अंदाज घेतला होता, तसाच पुढे नखाने सांधा चाचपून त्यांनी ही चूकही ओळखली होती.

पॅनेल तयार झाल्यावर टेप फाडून काढू नये. ओल्या फडक्याने ती दोन मिनिटे भिजवावी आणि बोथट पटाशीने रेषांच्या दिशेने खरवडावी.

दाब

घरगुती कामात दाबासाठी विटा, पुस्तके, पाण्याचे डबे, एकदा तर आमच्याकडे आजीचा पाटासुद्धा वापरला गेला आहे. हिशेब करून पाहावा. ३० बाय ३० सेंटिमीटरचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर होते. दहा विटांचे ३० किलो वजन त्यावर ठेवले तर दर चौरस सेंटिमीटरला ३३ ग्रॅम दाब पडतो. व्हॅक्यूम पिशवीत, म्हणजे आतली हवा पंपाने काढून दाब देणाऱ्या पिशवीत, त्याच पॅनेलवर आठशे किलोंच्या आसपास भार येतो. विटांखाली कडा उचललेले, पोकळ वाजणारे पॅनेल निघाले तर नवल नाही.

व्हॅक्यूम पिशवी प्रत्येकाकडे नसते, आणि छोट्या पॅनेलला ती लागतही नाही. १८ मिलिमीटरच्या दोन सपाट फळ्या, वर आडव्या दोन जाड पट्ट्या आणि चार-सहा सी-क्लॅम्प पुरतात. पट्ट्यांच्या खालच्या बाजूला मधोमध दोन पदरी पुठ्ठ्याची चकती चिकटवावी, म्हणजे क्लॅम्प कडेला आवळले तरी दाब आधी मध्ये पडतो आणि जादा गोंद बाहेर सरकतो. पॅनेल आणि फळी यांच्यामध्ये बटर पेपर किंवा प्लॅस्टिक घालावे. वर्तमानपत्र घातल्यास पॅनेलवर कालच्या बातम्या उलट्या अक्षरांत वाचायला मिळतात. ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडाला ओले असताना लोखंडाचा स्पर्श झाला तर निळसर काळा डाग पडतो, म्हणून क्लॅम्पचे तोंड पानावर थेट टेकवू नये.

सागवान व शिसव तेलकट असतात. चिकटवण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पानाची मागची बाजू थिनर लावलेल्या फडक्याने पुसून घ्यावी, फडक्यावर पिवळसर डाग येतो तो पाहावा आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसावे.

इस्त्रीने चिकटवण्याची पद्धत, म्हणजे दोन्ही बाजूंना गोंद लावून वाळवायचा आणि नंतर इस्त्रीने वितळवून दाबायचा, ही एकाच पानाच्या पॅनेलला ठीक आहे. सांधा असलेल्या पॅनेलला मी ती वापरत नाही, कारण इस्त्रीची उष्णता पानातील पाणी हाकलून देते आणि सांधा आपल्या डोळ्यांदेखत उघडतो. सरसाने काम करणारे जुने कारागीर यावर चांगली युक्ती करत. ते पाने वीस-पंचवीस मिलिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवत, पानांची हालचाल शमल्यावर धारदार सुरीने दोन्ही थर एकदम कापत, वरची आणि खालची जादा पट्टी काढत आणि थोडा गरम सरस घालून सांधा बसवत. सरस रात्रभर थंड पाण्यात भिजवून दुहेरी भांड्यात ६० अंशांच्या आसपास गरम करावा लागतो. त्याला उकळी फुटू दिली तर त्याचे बळ जाते.

पाठीकडे एका वाक्यात: पुढे व्हिनिअर लावले तर मागेही तितक्याच जाडीचे, त्याच दिशेच्या रेषांचे व्हिनिअर लावावे, आणि पॉलिशही दोन्ही बाजूंना सारखे करावे. माझ्या पहिल्या दोन्ही खेपांच्या दारांची पाठ उघडी होती. दोन्ही वर्षी दारे मार्चमध्ये पुढच्या बाजूला खोलगट झाली होती, आणि मिस्त्रींनी दार उलटे केले ते हेच पाहायला.

झालेल्या पॅनेलची दुरुस्ती

कडा उचललेल्या असतील तर पातळ पाते कडेखाली सरकवून इंजेक्शनच्या सुईने किंचित पातळ केलेला गोंद सोडावा आणि बटर पेपर ठेवून क्लॅम्प लावावा. पांढरा गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो, त्यामुळे पॉलिश झालेले नसेल तर मध्यम गरम इस्त्री सुती कापडावरून मिनिटभर फिरवून लगेच थंड धातूचा ठोकळा दाबून धरल्यानेही काम भागते. लाखेच्या किंवा मेलामाइनच्या पॉलिशवर हा प्रयोग करू नये.

कडा घट्ट असून नुसती फट असेल तर तिच्या रुंदीवर उपाय ठरतो. वर्तमानपत्राचा कागद जेमतेम शिरत असेल तर त्याच लाकडाचा भुसा लाखेच्या दाट पॉलिशमध्ये कालवून भरावा. पांढऱ्या गोंदात कालवलेला भुसा पॉलिश पीत नाही आणि फिकट ओरखड्यासारखा कायम डोळ्यांत खुपतो. फट त्याहून रुंद असेल तर स्टीलच्या पट्टीच्या आधाराने तिच्या दोन्ही कडा समांतर कापाव्यात, तळातील जुना गोंद अरुंद पटाशीने खरवडावा आणि त्याच गठ्ठ्यातील पानाची, रेषा त्याच दिशेने असलेली बारीक पट्टी बसवावी. पट्टी किंचित वर राहू द्यावी आणि दोन-तीन दिवसांनी १८० व मग २४० नंबरच्या पेपरने ठोकळ्यावर घासावी. यंत्राने घासू नये. पानाची जाडी अर्धा मिलिमीटर असते आणि यंत्राला ते माहीत नसते.

ही भरणी एप्रिलमध्ये करू नये. तेव्हा फट सर्वाधिक रुंद असते, म्हणून हात तिकडेच जातो, पण एप्रिलमध्ये पुरती भरलेली फट जुलैमध्ये फुगणाऱ्या पानांना जागा ठेवत नाही आणि सांध्यावर वरंबा उभा राहतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरावी.

नातेवाइकांच्या देव्हाऱ्याला तिसऱ्या खेपेची दारे आहेत आणि त्यांनी दोन उन्हाळे काढले आहेत. पहिल्या खेपेतील एक दार मी टाकून न देता कामाच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवले आहे. ऑगस्टमध्ये त्याच्या सांध्यात वर्तमानपत्राचा कागद शिरत नाही आणि एप्रिलमध्ये व्हिजिटिंग कार्ड सहज सरकते. व्हिनिअर चिकटवायला काढण्याआधी मी त्या फटीत कागद घालून पाहतो, आणि कागद अडला तर त्या दिवशी फक्त कडांवर रंधा मारण्याचे काम करतो.